मामा तलाव : काही टिपणे

पूर्व विदर्भातला अर्जुनी मोरगाव तालुका, मे महिना. तलावातलं पाणी उतरल्यामुळे तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, दगडी पायऱ्या उघड्या पडल्यात. पायरीला भोक, भोकात लाकडी बूच. पाणी खाली जाईल तसं खालचं बूच काढत जायचं. एक बूच मोडलंय, तिथे सिमेंटच्या पोत्याचा बोळा कोंबलाय आणि त्यातून बारीक धार सुटलीय. दुरुस्ती कुणाची? विचारलं की तीन बोटं तीन कचेऱ्यांकडे जातात.

*

केंद्राचे 2017 चे पाणथळ नियम. नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळलेले. पूर्व विदर्भातले साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’, तलाव माणसानेच बांधले, तेही धानासाठी. सारस पक्षी तलावात चरतो आणि बांधीत, म्हणजे भातखाचरात, घरटं करतो; दोन्ही जागा नियमाबाहेर.

बरं, नांदूर मधमेश्वर तरी कुठे निसर्गाने केलं? गोदावरी-कादवाच्या संगमावर पाटपाण्यासाठी बंधारा घातला, गाळ साचला, पक्षी आले. 2020 मध्ये ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

*

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे मामा तलाव बांधले. तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा व्यवहार. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, 1951 च्या सुमारास गेली, तलाव सरकारजमा झाले. आता लहान तलावांचं सिंचन जिल्हा परिषदेकडे, मोठ्यांचं पाटबंधारे खात्याकडे. मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे, ठेक्याने. बुडीत जमिनीवर कुणी धुरा (शेताचा बांध) सरकवला तर तक्रार महसूलकडे. ठेका भरणारा ढिवर रोज पाण्यावर असतो. पाळ कुठे झिरपते, कुणी कुठे नांगर घातला, हे पहिल्यांदा त्यालाच दिसतं. पण पाहणीच्या पंचनाम्यात त्याची सही क्वचितच.

*

पाणथळ नियमांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रभावक्षेत्र. पाणथळीच्या पाणलोटातला जो भाग बिघडला की पाणथळ बिघडते, तो आखायचा आणि तिथे काय चालेल, काय नाही, ते ठरवायचं. इथे याचा अर्थ लगेच कळतो, कारण तलाव माळेने आहेत : वरच्याचा सलंग, म्हणजे सांडवा, वाहिला की पाणी खालच्यात. मध्ये मोरीशिवाय रस्ता टाकला की खालच्याचा येवा बंद.

पाणलोट विकासवाले ‘माथा ते पायथा’ म्हणतात. माथ्यावर समतल चर, मग नालाबांध, मग शेततळी. पायथ्याशी तीनशे वर्षांचा तलाव आहे, त्याच्या येव्यातून वर अडवलेलं पाणी वजा केलंय का? आराखड्यात हा रकाना मला तरी सापडला नाही.

*

गाळ काढायची योजना चांगली, जेसीबीचा हात वाईट. तासावर पैसे असले की मधोमध खड्डा खोल होतो आणि काठाचा उथळ उतार जातो. बदक, पाणकोंबडी, देवधान, मरळीची पिल्लं, सगळं त्या उथळ पाण्यातलं. पाणी वाढलं म्हणून अहवाल खूश.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने उलट्या टोकाने सुरुवात केली. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी, त्यात ढिवर बायका पुढे. आधी बेशरम ही माजणारी वनस्पती मुळासकट उपटायची, मग देशी पाणवनस्पती लावायच्या, मग देशी मासे. बेशरम उपटणं म्हणजे चिखलात गुडघाभर उभं राहून कंबर मोडणारं काम; फांदीचा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते.

*

इस्रोच्या नकाशावरच्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळींना सर्वोच्च न्यायालयाचं संरक्षण आहे. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने राज्यांना जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितलं. बोड्या, म्हणजे शेतकऱ्याच्या घरच्या छोट्या तळ्या, बहुधा यात येणार नाहीत. मोठे तलाव नकाशावर दिसतात, पण व्याख्या आडवी येते. अशा वेळी गावाने आपला कागद तयार ठेवावा, असं माझं मत.

त्या कागदाचा एक भाग लिहूनच ठेवलाय. पाणथळ अधिसूचित करताना जो संक्षिप्त दस्तऐवज करायचा, त्यात पूर्वापार हक्कांची नोंद मागितली आहे. जुन्या निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावाच्या हक्क-रिवाजांच्या महसुली नोंदींत, असेच हक्क असतात : पाणी, मासे, गुरांचं पाणी. जुने कागद महसूलच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करून नक्कल मागता येते. अक्षर लावायला गावातला एखादा म्हातारा सोबत न्यावा.