पहाटे उठणारी

पहाटे साडेतीन-चारचा सुमार. अंगणातल्या आंब्यावरचा दयाळ अजून गप्प आहे. दूधवाला यायला वेळ आहे. घर साखरझोपेत आहे. अशा वेळी देहात एक जण उठून कामाला लागलेली असते. मूत्रपिंडाच्या माथ्यावर, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला बसणारी अधिवृक्क ग्रंथी. तिचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात चढू लागतं, यकृतातली साखर हलू लागते, आणि आपण डोळे उघडतो तेव्हा ही भरती माथ्याला टेकत आलेली असते. मध्यरात्रीच्या आसपास ओहोटी. जुन्या घरांत सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवणारी आजी असायची, तिला निजलेलं कुणी पाहिलेलं नसायचं. ही तशीच.

म्हणायला एक, पण आहेत दोघी. उजवी देवळाच्या शिखरासारखी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीच्या घाटाची. एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम, साधारण दोन रुपयांच्या नाण्याइतकं. एवढ्याशा जिवाला तीन बाजूंनी रक्ताचे पाट येऊन मिळतात. परतीची शीर मात्र एकच. साल पिकल्या गऱ्यासारखी पिवळीधमक, गाभा तांबूस तपकिरी.

त्या पिवळ्या सालीतही तीन थर आहेत. बाहेर पेशींचे घोस, मग उसाच्या फडासारख्या उभ्या रांगा, सगळ्यांत आत जाळी. रांगांतून कॉर्टिसॉल येतं, जाळीतून पुरुषी संप्रेरकांची कच्ची रूपं. पण मला हात जोडावेसे वाटतात ते घोसांतून पाझरणाऱ्या अल्डोस्टेरॉनपुढे. लघवीवाटे वाहून चाललेलं मीठ ते माघारी रक्तात वळवतं. बहुतेक माशांच्या अंगात ते सापडत नाही. सापडतं ते फुप्फुसमाशात, आणि पुढे बेडकापासून माणसापर्यंत. पाणी सोडून कोरड्यावर राहायला निघालेल्या जिवानं मीठ पदराला बांधून घेतलं असावं, आणि त्या पदराची गाठ आजही हीच ग्रंथी सांभाळते.

गाभ्याचं कूळ वेगळं, मज्जातंतूंचं. गर्भात तो दुसरीकडून चालत येऊन या घरात शिरतो. मालवणात जिला मोरी म्हणतात, त्या शार्कच्या अंगात ही दोन कुळं अजून वेगवेगळी नांदतात. आपल्यात मात्र सोयरीक झाली आहे, आणि ती नुसती शेजाराची नाही. सालीतून झिरपत आलेल्या कॉर्टिसॉलच्या आधारानंच गाभ्यात ॲड्रिनॅलिन घडतं. पायवाटेवर साप आडवा आला की छाती धडधडते, ती त्याच्यामुळे. गाभ्यात गाठ झाली तर साप नसतानाही तशीच धडधड, घाम आणि डोकेदुखी उसळते. बोलबाला सगळा या गाभ्याचा. पण गाभा गेला तरी माणूस जगतो. साल गेली आणि औषध मिळालं नाही, तर जगत नाही.

इतकी मोलाची असून ती शतकानुशतकं ओळखीविना राहिली. युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं 1563 च्या सुमारास तिची नोंद केली, पण काम काय ते कुणालाच उमजेना. बोर्दोच्या अकादमीनं त्यावर निबंध मागवले. 1718 मध्ये फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूनं ते तपासले आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो. उत्तर आलं ते आजाऱ्यांकडून. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसननं 1855 मध्ये काही रुग्णांची हकिगत छापली. माणसं गळून गेलेली, अन्नावरची वासना उडालेली, कातडी काळवंडलेली. मृत्यूनंतर पाहिलं तर ग्रंथी नासलेल्या, अनेकांच्या क्षयानं पोखरलेल्या. आपल्याकडे क्षय हे कारण अजूनही पुसलेलं नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ती काळिमा पटकन कळत नाही. हिरड्यांवर आणि तळहाताच्या रेघांत शोधावी लागते. अशा माणसाला खारट खावंसं वाटत राहतं. पदराची गाठ सुटलेली असते ना!

उलट ग्रंथी फार पाझरली की चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा वाटोळा होतो, पोट सुटतं, हातपाय वाळतात. तो कुशिंगचा आजार. पण असा चेहरा आपल्याकडे बहुतेकदा दिसतो तो गोळ्यांमुळे. दम्यासाठी, सांध्यांसाठी, कधी नुसत्या कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांमुळे. कॉर्टिसॉलचं काम करणारं औषध बाहेरून आयतं येऊ लागलं की मेंदूकडून तिला हाक येणं थांबतं. मग ती पहाटे उठणारी निजते आणि सुकत जाते. गोळी थांबल्यावर तिला जाग यायला महिने लागतात, कधी वर्षही. मधल्या काळात साधा ताप किंवा छोटी शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते.

तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या बरेच दिवस घेत असेल, तर बरं वाटतंय म्हणून एका दिवसात बंद करू देऊ नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. तिला उठायला वेळ द्या.