जाणारे आणि राहणारे

२००४ सालचा ऑगस्ट महिना. रोममध्ये माझे उच्च शिक्षण चालू होते. तेथे शिकणारे आपल्याकडील अनेक धर्मगुरू उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपातील खेड्यांतल्या धर्मग्रामांत बदली म्हणून जातात. गावच्या फादरांना महिनाभर विश्रांती मिळते आणि आपल्या पुढील वर्षाच्या पुस्तकांचा खर्च निघतो. मला उत्तर इटलीतील दक्षिण टिरोल प्रांतातले एक डोंगराळ गाव मिळाले. इटलीत इटालियन आली म्हणजे पुरे, अशा भाबड्या समजुतीने मी गेलो. गाव सगळे जर्मन बोलणारे! मिस्सा मी जर्मनमध्ये वाचून अर्पण करीत असे. प्रवचन इटालियनमध्ये लिहून देई आणि एक वृद्ध सिस्टर त्याचा जर्मन अनुवाद करून देत.

८ ऑगस्टच्या रविवारी इब्री लोकांस पत्रातील आब्राहामाच्या श्रद्धेचे वाचन होते. परमेश्वराची हाक आली आणि तो आपले गाव, आपली माणसे सोडून निघाला. हा तर माझ्या आवडीचा विषय. जे सोडून जातात त्यांची श्रद्धा मोठी. जे घरदार, शेतीवाडी कवटाळून राहतात त्यांना हाक ऐकू येत नाही, असे मी ठासून सांगितले. सिस्टरांनी अनुवाद देताना माझ्याकडे एकदा पाहिले होते. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. देवळात इतकी शांतता पसरली की ती माझ्या प्रवचनाला मिळालेली दाद आहे, असेच मला वाटले.

मिस्सा संपल्यावर वेदीची व्यवस्था पाहणारे वृद्ध गृहस्थ मला दफनभूमीत घेऊन गेले. एकाच कुंबणात त्यांचे आजी-आजोबा विसावले होते. आजीच्या दगडावर इटालियन अक्षरे होती, ती मला वाचता आली. आजोबांच्या दगडावरची जर्मन होती. ते म्हणाले, “फादर, माझी आजी तुम्हाला वाचता येते. तिला स्वतःला मात्र हा दगड वाचता आला नसता. तिला इटालियनचा एक शब्दही येत नव्हता.”

आजी वारली १९३१ साली. कबरीवरचा मजकूर इटालियनमध्येच हवा, असा हुकूम सरकारने १९२७ मध्ये काढला होता.

वाचकहो, हा प्रांत शतकानुशतके ऑस्ट्रियाचा होता. १९१० च्या जनगणनेत येथे जर्मन भाषिक शेकडा ८९ होते, इटालियन भाषिक शेकडा ३. पहिल्या महायुद्धात इटलीने दोस्तांच्या बाजूने उतरावे म्हणून १९१५ मध्ये लंडन येथे गुप्त करार झाला आणि ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख इटलीला कबूल करण्यात आला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१८ मध्ये इटलीच्या सीमा राष्ट्रीयत्व पाहून आखाव्यात असे जाहीर केले होते खरे. पण १९१९ च्या सां-जर्मां तहाने सीमा ब्रेनरवरच नेली. लोकांना कोणी विचारले नाही. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली, ‘टिरोल’ हा शब्दसुद्धा बेकायदा ठरला. कॅनन मिखाएल गाम्पर या धर्मगुरूंनी मग घराघरांत चोरून शाळा भरविल्या. प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या स्मरणार्थ त्यांना कॅटाकोंबच्या शाळा म्हणत. अँजेला निकोलेट्टी नावाची तरुण शिक्षिका अशा शाळेपायी तुरुंगात गेली आणि १९३० मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने वारली. आमचे वृद्ध गृहस्थ जर्मन अक्षरे शिकले ती मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात. सरकारी शाळेला मुकलेली भाषा देवळाच्या ओसरीवर टिकली. घरी सामवेदी बोलणाऱ्या आणि देवळात मराठीत प्रार्थना करणाऱ्या माझ्यासारख्या वसईकराला हे निराळे समजावून सांगावे लागले नाही.

आणि मग १९३९ साल उजाडले. या लोकांना अखेर विचारण्यात आले! हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात ठरले की, ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक कुटुंबाने कौल द्यावा. भाषा हवी असेल तर जर्मनीत निघून जा. जमीन हवी असेल तर राहा, पण इटालियन होऊन. राहणाऱ्यांना सिसिलीला हाकलणार, अशी अफवाही पसरली. शेकडा ८५ च्या आसपास लोकांनी जाण्याच्या बाजूने सही केली. युद्धामुळे प्रत्यक्षात सुमारे ७५,००० च गेले.

स्वयंनिर्णय म्हणजे लोकांना विचारणे, असे मी सेमिनरीत शिकलो होतो. विचारण्यातही एवढी क्रूरता असू शकते, हे मला त्या कबरीपाशी उमगले. भाकरी आणि पाणी यांतील एक निवड, असे तहानभुकेल्याला सांगण्यासारखेच ते.

गृहस्थांच्या वडिलांनी जाण्याची सही केली, सख्ख्या काकांनी राहण्याची. राहणाऱ्यांना देशद्रोही म्हणत. एका रात्री काकांच्या दारावर शेण फासले गेले. “मी नऊ वर्षांचा होतो,” ते म्हणाले, “बादली मीच धरली होती.” पुढे युद्ध पेटले आणि जाणारे वडील गेलेच नाहीत. दोघे भाऊ हाकेच्या अंतरावर जगले, एकाच देवळात दोन बाजूंच्या बाकांवर बसले. बोलले मात्र नाहीत.

धर्मगुरूंतही हीच फूट. ब्रिक्सेनचे बिशप गाइस्लर यांनी १९४० मध्ये जर्मनीच्या बाजूने कौल दिला. कळप जाणार, तर मेंढपाळाने मागे कसे राहावे, हा त्यांचा विचार. त्यांच्या बहुसंख्य धर्मगुरूंनी मात्र राहणे पसंत केले; गाम्पर तर उघडपणे झगडले. माझे मन गाम्पर यांच्याकडे ओढ घेते. तरीही बिशपांचा युक्तिवाद मला झटकून टाकता येत नाही. मीही एका कळपाचा राखणदार आहे. राहणाऱ्यांपैकीच एक, बोल्झानोचे योसेफ मायर-नुसर. १९४४ मध्ये त्यांना हिटलरच्या एसएस दलात सक्तीने भरती करण्यात आले. श्रद्धेच्या कारणास्तव त्यांनी शपथ नाकारली आणि डाखाउच्या वाटेवर, रेल्वेच्या डब्यात, २४ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचा अंत झाला. २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले.

पुढचा इतिहास लांब आहे, थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये पॅरिस येथे इटलीचे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे ग्रुबर यांनी करार केला. दे गास्पेरी स्वतः तरुणपणी व्हिएन्नाच्या संसदेत इटालियन अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी होते, हा इतिहासाचा विनोद! कराराची अंमलबजावणी रखडली, ऑस्ट्रियाने १९६० मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला, १९६१ मध्ये विजेचे मनोरे स्फोटांनी उडाले. १९७२ मध्ये खरी स्वायत्तता आली. १९९२ मध्ये दोन्ही देशांनी वाद मिटल्याचे मान्य केले. सीमा जागची हलली नाही. शाळा, कचेरी आणि कबरीचा दगड मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत परत आला.

पुढच्या रविवारी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, मी प्रवचनापूर्वी क्षमा मागितली. ती चार वाक्ये मी सिस्टरांकडून न घेता स्वतःच जर्मनमध्ये जुळवली होती. व्याकरण बहुधा चुकले असावे. मिस्सानंतर ते गृहस्थ पुन्हा दफनभूमीत भेटले. हातात पाण्याची झारी होती.

“फादर, तुम्ही कोणत्या कागदावर सही केली असती?”

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी वाटही पाहिली नाही. वडिलांच्या कबरीवरील फुलांना पाणी घालून ते झारी भरायला नळाकडे गेले आणि तेथून काकांच्या कबरीकडे वळले.