काकांची झोप आणि माझी बासरी

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बासरी आहे? हात वर करा बरं! आणि "बंद कर ती पीं-पीं आधी!" हे वाक्य किती जणांनी ऐकलंय? आता तर सगळेच हात वर गेले असतील. माझाही हात वरच आहे. पण मला ते वाक्य ज्यांनी ऐकवायला हवं होतं, त्यांनी कधीच ऐकवलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

मी पाचवीत होतो. साल १९८०. आम्ही लालबागला एका चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली, पुढे सामायिक गॅलरी, आणि दोन खोल्यांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. भिंत कसली, नुसता आडोसाच! शेजारी कढईत फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा.

त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला गेलो. तिथं मी हट्ट करून पत्र्याची एक बासरी घेतली. सहा भोकं, तोंडाशी लाकडाचा छोटा खुंटा आणि त्याच्या पुढे चौकोनी खिडकी. बांबूच्या आडव्या बासरीतून आवाज काढायलाच कितीतरी दिवस जातात. हिचं तसं नव्हतं. फुंकर मारली की आवाज हजर! मी तर हरखूनच गेलो.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आलो की दप्तर कोपऱ्यात आणि बासरी तोंडात. माझी शाळा सकाळची, त्यामुळे हा कार्यक्रम भर दुपारी एक वाजता सुरू व्हायचा. एकच ओळ, तीही चुकीची, पुन्हा पुन्हा. चुकलं की पहिल्यापासून.

फळीच्या पलीकडे राहणारे काका गिरणीत विणाईखात्यात होते. तेव्हा त्यांची तिसरी पाळी चालू होती. तिसरी पाळी म्हणजे रात्रपाळी. आख्खी चाळ झोपायची तेव्हा काका डबा घेऊन निघायचे, आणि आम्ही शाळेत जायचो तेव्हा ते परत यायचे. म्हणजे त्यांची रात्र दुपारी व्हायची. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

चार-पाच दिवसांनी सकाळी काका आले ते उजव्या हाताला पांढरं बँडेज बांधून. रात्री मागावर उभे असताना त्यांना डुलकी लागली आणि हात आत गेला. दोन बोटांना टाके पडले. नळावर काकू आईला सांगत होत्या, "चार दिवस झाले बघा, दुपारचा डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. बासरीचंही घेतलं नाही. मी मात्र बादली धरून तिथंच उभा होतो.

आई मला ओरडली नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. मी बासरी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या स्वेटरखाली ठेवून दिली. काकांसमोर जायचीही हिंमत होईना. ते गॅलरीत दिसले की मी जिन्याकडे पळायचो.

आठवडाभरानं काकांनीच मला जिन्यात गाठलं. "आरं पोरा, पुंगी का बंद पडली तुझी?" मी मान खाली घातली. डोळ्यांत पाणीच आलं. काका पायरीवर टेकले. म्हणाले, "हे बघ, डुलकी मला लागली. पर तू येऊन इचारलं असतंस, 'काका, कधी वाजवू?' तर मी सांगितलं असतं की!"

काका चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. ते पुढे म्हणाले, "मी पखवाज कसा शिकलो ठाव हाय? मांडीवर! घरात लहान पोरं निजलेली. मग मांडीवर बोटं चालवायची आन् बोल मनात म्हणायचे. हात आधी शिकतो बाबा, आवाज मागनं येतो."

त्या दिवशी आमचा करार झाला. काका चारला उठायचे. साडेचार ते पाच माझी बासरी. तेव्हा नळाला पाणी आलेलं असायचं, बादल्या खणखणायच्या, कुणाचा तरी रेडिओ चालू असायचा. त्या गलक्यात माझी पीं-पीं कुणाच्या कानांत घुसत नसे. बाकीच्या वेळी बासरी हनुवटीला टेकवून नुसती बोटं चालवायची आणि सूर मनात म्हणायचे. गंमत म्हणजे मी पटापट शिकलो. कारण आवाज नसला की चुकलेलं बोट लगेच समजतं. आवाजाच्या नादात आपण ते झाकून नेतो.

आता तुम्ही म्हणाल, "एवढं कशाला? हळू फुंकायचं की झालं!" इथंच तर खरी मेख आहे. या बासरीत फुंकर एका अरुंद फटीतून जाते आणि खिडकीच्या धारेवर आपटते. तिथं हवा वर-खाली थरथरू लागते आणि नळीतल्या हवेला डोलायला लावते. हाच आपला सूर. फुंकर फार हळू केली तर सूर उतरतो आणि विझतो. जोरात मारली तर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. म्हणून ती ना फार हळू वाजत, ना फार मोठ्यानं.

शिवाय तिचा आवाज चढा. परदेशात अशा बासरीला टिन व्हिसल म्हणतात. तिथली नेहमीची डी स्वराची टिन व्हिसल सुमारे ५८७ हर्ट्झपासून सुरू होते आणि वरच्या टोकाला २३०० हर्ट्झच्याही पुढे जाते. आपला कान सर्वांत तिखट असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे वरच्या सप्तकातले सूर नेमके तिथं जाऊन टोचतात! रात्रभर मागांच्या खडखडाटात उभे राहणारे काका माझ्या एवढ्याशा पत्र्यानं का जागे होत, याचं कोडं मला मोठेपणी सुटलं. एकसारख्या खडखडाटाची सवय होते. मध्येच थांबणाऱ्या, मध्येच किंचाळणाऱ्या आवाजाची होत नाही.

मग घरात वाजवायचं कसं? मी करून पाहिलेले उपाय सांगतो. खिडकीच्या एका कडेला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. थोडी खिडकी झाकली की आवाज दबतो. सूर किंचित उतरतो खरा, पण सरावाला चालतं. पूर्ण झाकली तर नुसती फुंकर ऐकू येते. बोटं आणि श्वास दोन्ही एकत्र बसवायला ते फार छान. नवी चाल आधी खालच्याच सप्तकात बसवा. तोंड भिंतीकडे किंवा दाराकडे नको, अंथरुणाच्या वळकटीकडे करा. गोधड्या, उशा, टांगलेले कपडे हे चढे आवाज चांगले पिऊन टाकतात. जिन्यात तर मुळीच वाजवू नका, तिथं आवाज दुप्पट घुमतो. आणि अख्खं गाणं वीस वेळा वाजवू नका. जिथं अडतं तेवढाच तुकडा मुक्यानं घोटा.

पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. त्यांचे वडील पहिलवान. मुलानंही आखाड्यात घुमावं असं त्यांना वाटे. म्हणून लहानपणी हरिप्रसादांनी मित्राच्या घरी जाऊन, वडिलांच्या नकळत संगीत शिकायला सुरुवात केली. वाजवायला जागा नाही म्हणून त्यांचं काही अडलं नाही!

आणखी एक गंमत सांगतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क नावाच्या शेतमजुरानं १८४३ साली पत्रा वळवून आणि तोंडाला लाकडी खुंटा बसवून अशी बासरी बनवायला सुरुवात केली. पुढे तो कारखाना काढायला गेला कुठे? मँचेस्टरला. म्हणजे कापडगिरण्यांच्याच गावाला! तिथल्याही एखाद्या गल्लीत माझ्यासारखा एखादा पोरगा असेल, आणि भिंतीपलीकडे रात्रपाळीचे एखादे काका.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आमच्या भागातले भोंगे गप्प झाले. काकांना आता ना पहिली पाळी, ना तिसरी. दिवसभर गॅलरीत बसून ते रस्त्याकडे बघत राहायचे. मी मात्र सवयीनं साडेचारचीच वाट बघायचो.

एक दिवस भर दुपारी, बरोबर एक वाजता, त्यांनी फळीवर टकटक केली. "वाजीव की रं," ते पलीकडून म्हणाले, "आता कुणाची झोप मोडायची हाय?"

मी वाजवली. पहिल्यांदाच दुपारी एकला, परवानगीनं. एकही चूक झाली नाही. काका पलीकडून फळीवर बोटांनी ठेका धरत होते. जखम झालेल्या त्या दोन बोटांचा आवाज थोडा वेगळा यायचा, तो मला ओळखू येत होता.

पुढे काका गावी गेले. त्यांची गिरणी पुन्हा पहिल्यासारखी चालली नाही, आणि ते चाळीत राहायला परत आले नाहीत. ती बासरी अजून माझ्याकडे आहे. पत्र्याला गंज चढलाय, पण वाजते.

तर मुलांनो, आज संध्याकाळी एक काम करा. बासरी हातात घेण्याआधी शेजारचं दार वाजवा आणि विचारा, "काका, काकू, तुमची झोपायची वेळ कोणती हो?" कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल, कुणाची दहावी असेल, कुणी रात्रपाळी करून आलेलं असेल. वेळ कळली की ती वहीत लिहून ठेवा, आणि मग खुशाल वाजवा. कोण जाणे, पलीकडून कुणी ठेकाही धरेल!