दहाला अकरा फेरे

आमच्या जीपमध्ये तीन दांडे आहेत. एक गिअरचा. त्याच्या शेजारी दोन आखूड: एकाने पुढच्या चाकांना ताकद जाते, म्हणजे फोरव्हील लागते, दुसऱ्याने हाय-लो होतं. पुढच्या चाकांचा तो दांडा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, २००९ नंतर वर्षानुवर्षं हलवला नाही. पाहुण्यांची पोरं गाडीत खेळायला बसली आणि कुणाचा हात तिकडे गेला, की ते लगेच म्हणायचे, "त्याला नको, बाळा. तो गेलाय. माझ्याच हातानं गेला."

जीप १९९१ सालची, महिंद्रा एमएम ५४०. आमचं गाव गगनबावडा तालुक्यात. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस इथला. गावापासून वर वाडीपर्यंत तीन किलोमीटरचा चढ, सगळी तांबडी माती. जून लागला की त्या वाटेवर गुरंसुद्धा पाय जपून टाकायची. आप्पा सकाळ-संध्याकाळ वाडीवरचं दूध जीपमधून खाली संस्थेत पोचवायचे. मागच्या दोन बाकड्यांच्या मधे कॅन, वर ओलं गोणपाट. वर जाताना पेंडीची पोती, रेशन, शाळा सुटलेली पोरं. कुणी आजारी असलं तर हीच गाडी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापर्यंत पंचावन्न किलोमीटर जायची. गाडी चालवायला मीही याच जीपवर शिकले, भात कापून मोकळ्या झालेल्या वावरात.

२०१६ साली नोंदणीची मुदत संपली. तोवर वाडीचा बराचसा रस्ता सिमेंटचा झाला होता, दुधाला टेम्पो येऊ लागला होता. आप्पांनी जीप गोठ्यामागच्या छपराखाली लावली आणि वर ताडपत्री ओढली. २०२२ च्या दिवाळीत मी ती ताडपत्री काढली. मी कोल्हापुरात एका शाळेत गणित शिकवते. हातात थोडे पैसे साठले होते, शनिवार-रविवार मोकळे होते. आप्पांना म्हटलं, "गाडी उभी करूया." ते म्हणाले, "कर की. पण फोरव्हीलवर पैसे घालू नको."

कोल्हापुरातले एक वयस्कर मिस्त्री मिळाले. आयुष्यभर जीपच उघडल्या-जोडल्या होत्या त्यांनी. ट्रकवर घालून गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी स्पॅनर घेतला नाही, खिशातून एक लोहचुंबक काढलं. बॉडीवर जागोजागी ते लावत गेले. जिथे पत्रा शाबूत तिथे चुंबक टक्‌कन बसायचं. ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या चाकांवरच्या कमानींवर ते निसटून खाली पडलं. वरून रंग चकचकीत होता, आत पुट्टी होती. "ताई, ही गाडी गंजली नाही, झाकली गेलीय," मिस्त्री म्हणाले. तेवढा भाग कापून काढला, नवा पत्रा वाकवून वेल्ड केला. बॉडी आणि चेसिसच्या मधले रबर दगडासारखे कडक झाले होते, तेही बदलले. चेसिस मात्र धड निघाली. घासून, रेड ऑक्साइड लावून ती नव्या रंगाला तयार झाली.

याच काळात ओळखीपाळखीचे सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन टाक. कुणी म्हणालं, रुंद टायर, पुढे जाड लोखंडी बंपर, त्यावर विंच. मी नियम वाचले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पुढच्या जाड लोखंडी गार्डला केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे. धडक बसली तर पायी चालणाऱ्याला त्याने जास्त इजा होते. पण नियम नसते तरी माझं मत तेच राहिलं असतं. या गाडीला मी दुसरी गाडी करायला निघाले नव्हते. ती थांबायला हवी तेव्हा थांबावी, रात्री तिला दिसावं आणि आत बसलेला माणूस सुरक्षित राहावा, एवढीच भर मला घालायची होती.

इंजिन तेच ठेवलं. प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं हे डिझेल इंजिन, नाव एक्सडीपी ४.९०. नावातच त्याचं माप आहे: चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक त्र्याऐंशी मिलिमीटर. माझ्या नववीच्या वर्गाला मी नंतर यावर गणित घातलं. दंडगोलाचं घनफळ काढा, चाराने गुणा. पोरांनी बरोबर २११२ घन सेंटीमीटर काढून दाखवले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रँक दहा थाऊने घासून घेतली, लायनर-पिस्टन नवे बसवले, हेड फेसिंग केलं, पंप कॅलिब्रेट करून आणला. हीटर प्लग बदलले. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा सगळं गॅरेज धुराने भरलं. दहा मिनिटांत धूर विरळ झाला आणि लहानपणी पहाटे अंथरुणात ऐकू यायचा तोच ठोका कानावर आला.

ब्रेकचा विचार सगळ्यात जास्त केला. जुने ड्रम ब्रेक ओढ्यातून बाहेर आलं की पाणी धरून ठेवायचे. दोन-तीन वेळा दाबून वाळवल्याशिवाय लागायचे नाहीत, आणि लागले तर गाडी एका अंगाला ओढायची. पुढच्या चाकांना त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचे डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवायचं ठरवलं. बसवण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारलं, लेखी अर्ज दिला. डिस्क उघडी असते, पाणी फेकून देते. हेडलाइटला रिले घातले, त्यामुळे बॅटरीचा पूर्ण दाब दिव्यापर्यंत पोचू लागला. पुढच्या दोन्ही सीटना खांद्यावरून येणारे पट्टे बसवले.

सगळ्यात स्वस्त सुधारणेने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पुढच्या धुऱ्याच्या हाउजिंगचं तेल काढलं तेव्हा ते दुधाच्या चहासारखं आलं. आत पाणी गेलेलं. मिस्त्रींनी कारण सांगितलं. गाडी चालून हाउजिंग तापतं, आतली हवा फुगते. मग गाडी गार ओढ्यात उतरते, हवा एकदम आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. त्यांनी ब्रीदरच्या जागी एक रबरी नळी जोडली आणि तिचं टोक वर बॉनेटखाली नेऊन बांधलं. आता हाउजिंग पाण्याच्या वरून श्वास घेतं. नळी शे-दीडशे रुपयांची. आप्पांनी पंचवीस वर्षं ओढे ओलांडले, ही नळी त्यांना कुणी सांगितली नव्हती.

मग आला तो दांडा.

आप्पांनी सांगितलेली हकिकत अशी. २००९ च्या मे महिन्यात, भरलेले कॅन घेऊन येताना मागच्या हाउजिंगचे दात तुटले. पाऊस तोंडावर होता, दूध थांबवून चालणार नव्हतं. एका गॅरेजात जुन्या बाजारातून आणलेला क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांचा जोड घाईघाईने बसवला गेला. पहिल्या पावसात आप्पांनी फोरव्हील घातली. चढ चढला, पण गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी चालली. खाली डांबरी रस्त्याला आले, दांडा काढायला गेले, निघेना. जोर लावला, तरी निघेना. तशीच थोडी पुढे घेतली आणि खाडकन आवाज झाला. पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस तुटला होता. गॅरेजवाला म्हणाला, डांबरावर फोरव्हील चालवली, म्हणून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस गेला. त्याने पुढचा शाफ्टच काढून ठेवला. त्यानंतर आप्पांनी सात पावसाळे नुसत्या मागच्या चाकांवर, चेन बांधून काढले. कुणाला दोष दिला नाही. दोष स्वतःकडे घेतला.

मिस्त्रींनी ट्रान्सफर केस उघडला. मधला शाफ्ट घासला होता, वॉशर पातळ झाले होते, तेल गळत होतं. पण दात एकजात शाबूत. मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, खडू आहे का?"

शिक्षिकेच्या पर्समध्ये खडू असतोच. मागचं एक चाक जमिनीवर पक्कं टेकवलं, दुसरं जॅकवर उचललं. टायरवर एक रेघ मारली, शाफ्टच्या फ्लँजवर दुसरी. मिस्त्री चाक हळूहळू फिरवू लागले, बरोबर दोन फेरे. एक चाक अडवून ठेवलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे धुऱ्याचा एक फेरा. मी खाली आडवी होऊन शाफ्टवरची रेघ मोजत होते. पाच फेरे पूर्ण झाले आणि रेघ आणखी एक तृतीयांशाच्या थोडी पुढे जाऊन थांबली. मग हेच पुढच्या धुऱ्याला केलं. तिथे पाचवा फेरा पुरा व्हायला थोडं बाकी राहिलं.

मला वाटलं मोजायला चुकले. परत मोजलं, तेच आलं. दोन्ही हाउजिंग उघडली आणि दात मोजले. मागच्या क्राऊनला ४३, पिनियनला ८. पुढच्या क्राऊनला ३९, पिनियनला ८.

मी खडूने जमिनीवरच भागाकार केला. एकीकडे ५.३८, दुसरीकडे ४.८८. या जीपमध्ये फोरव्हील घातली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के बांधले जातात. दोघांचा वेग सारखाच राहतो. म्हणजे मागचं चाक दहा फेरे मारणार तेव्हा पुढचं चाक अकरा मारायला बघणार. चिखलात पुढचं चाक घसरून तो एक फेरा कुठेतरी जिरवतं. डांबरावर ते घसरत नाही. सगळा ताण शाफ्टमध्ये, जॉइंटमध्ये, दांड्यात साठत जातो. पिळलेली दोरी मोकळी होत नाही तसा तो दांडा निघत नव्हता. आप्पांनी कितीही जपून चालवली असती तरी काहीतरी तुटणारच होतं.

रविवारी आप्पांना गॅरेजात आणलं. टेबलावर दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवले होते. मी त्यांना दात मोजायला लावले. त्यांनी बोट लावून, एकेका दातावर थांबत मोजले. त्रेचाळीस. मग एकोणचाळीस. मी दहा आणि अकराचा हिशोब सांगितला. ते क्राऊनकडे बघत राहिले.

"म्हणजे माझ्याकडनं नव्हतं?"

मिस्त्री म्हणाले, "आप्पा, तुमच्याकडनं मोडलं असतं तर ट्रान्सफर केसचे दात असे निघाले नसते."

आप्पांनी मान हलवली. खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले, हाताला काही लागलेलं नसताना. घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

मागच्या हाउजिंगसाठी ३९ आणि ८ दातांचा चांगला जोड मिळायला दोन महिने लागले. कोल्हापुरात मिळाला नाही, शेवटी पुण्यातल्या जुन्या स्पेअरच्या दुकानात मिळाला. घेण्याआधी दुकानातच खाली बसून दात मोजले. मिस्त्रींनी दातांना रंग लावून, फिरवून, ठसा कुठे उमटतो ते बघत, शिमा घालत-काढत तो बसवला. त्या एका कामाला दोन दिवस गेले. पुढचा शाफ्ट छपरातच पोत्यात बांधलेला होता. त्याला नवे क्रॉस घातले आणि चौदा वर्षांनी तो गाडीखाली परत आला.

पुन्हा नोंदणीसाठी गाडी परिवहन कार्यालयात नेली. पंधरा वर्षांवरच्या मोटारीला एप्रिल २०२२ पासून हे शुल्क पाच हजार रुपये झालं होतं. त्याशिवाय पर्यावरण कर, आणि इतक्या वर्षांच्या उशिराचं जे होतं ते. चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला, १९९१ च्या कागदांवर होता तसाच. ब्रेक तपासले, दिवे तपासले. गाडी पास झाली.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जुलैत एका सकाळी आप्पा स्वतःच किल्ली घेऊन निघाले. वय शहात्तर. मी डाव्या बाजूला बसले. सिमेंटचा रस्ता सोडून ते शेताकडच्या जुन्या वाटेला वळले, जिथे अजून तांबडी मातीच आहे. चढाच्या पायथ्याला गाडी थांबवली. पुढच्या चाकांचा दांडा घातला, मग लो. ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम ठेवला. गाडी घाई न करता, चारही चाकांनी माती धरत वर चढली. कुणी मागून ओढत नव्हतं.

माथ्यावर वाट डांबरी रस्त्याला मिळते. आप्पांनी गाडी मुद्दाम डांबरावर चार हात पुढे घेतली आणि थांबवली. हात दांड्यावर ठेवला. काही क्षण तसाच ठेवला. मग दोन बोटांनी ओढला. दांडा निघाला.

आप्पांनी तो परत घातला. परत काढला. पाऊस काचेवर पडत होता, इंजिन चालू होतं, आणि ते पुन्हा एकदा तो दांडा आत घालत होते.