एक अक्षर, तीन अर्थ

पेटी वाजवणारा फोंड्याहून ग्वाल्हेरला गेला, तरी तिथली पेटी पुढ्यात ओढताना त्याला विचारावं लागत नाही की बाबा रे, इथे पट्ट्या कुठल्या क्रमाने लावल्यात? गाणारा काळी दोन मागेल नाहीतर पांढरी चार, पण बोटांना सुरांच्या जागा ठाऊक असतात.

संगणकावर आवाजाचं काम करणाऱ्यांना हे सुख नाही. की-बोर्डावरचं 'आर' घ्या. ऑडॅसिटीत ते दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. रीपरमध्ये त्याच 'आर'ने वाजवलेला भाग पुन्हापुन्हा वाजवण्याची सोय चालू-बंद होते, रेकॉर्डिंगसाठी जोडीला कंट्रोल दाबावं लागतं. प्रो टूल्समध्ये एका अक्षराचे शॉर्टकट चालू असले तर 'आर'ने आवाजाचं चित्र लहान होतं. तिन्ही सॉफ्टवेअरं आपापल्या जागी उत्तम, पण एकाच माणसाने दोन वापरायची म्हटली की पंचाईत!

स्पेसबारवर मात्र सगळ्यांचं एकमत. दाबा, वाजतं; पुन्हा दाबा, थांबतं. पण थांबल्यावर पुढे काय? ऑडॅसिटी निघालो त्या जागी परत नेते. थांबलो तिथेच राहायचं तर 'एक्स' दाबायचं. क्यूबेस मुळातच थांबल्या जागी उभं राहतं. तासाभराच्या भजनात एक खोकला शोधत असलात की हा फरक चांगलाच जाणवतो.

लाल ठिपका म्हणजे रेकॉर्ड, त्रिकोण म्हणजे प्ले, चौकोन म्हणजे स्टॉप, ही चिन्हं टेपरेकॉर्डरवरून आली आणि टिकली. तीच शिस्त कळांच्या बाबतीत का नसावी? धालो पौषात मांडावर होतात. वयस्कर बाई जुनं गीत आठवून म्हणू लागली, की "आजी, थोडं थांब हं, बटण शोधतो" म्हणायची सोय नसते. कान गाण्याकडे असतात, बोटांनी आपलं काम आपणच करायला हवं.

आणि ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांचं काय? अंध ध्वनिमुद्रकाची सगळी भिस्त की-बोर्डावर आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या सॉफ्टवेअरवर. खऱ्या यंत्रासारखी दिसावीत म्हणून चितारलेली गोल बटणं आपल्याला देखणी वाटतात. वाचकाला कित्येकदा त्यांचं नावसुद्धा सांगता येत नाही. रीपरसाठी 'ओसारा' नावाची मोफत जोडणी आहे, तिच्यामुळे अंध व्यक्ती तिथे चांगलं काम करू शकतात. ती वापरणाऱ्यांनीच पुढाकार घेऊन घडवली, हे विशेष.

कुणी म्हणेल, शॉर्टकट बदलता येतात की! येतात. ऑडॅसिटीतही आणि रीपरमध्ये तर हवे तसे. पण ती सोय आपल्या संगणकापुरती. मंडळाच्या दुसऱ्या लॅपटॉपवर बसलो, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी तरी रीपरमध्ये 'आर'ला रेकॉर्डिंगच नेमून टाकलंय. पुन्हापुन्हा ऐकायची सोय दुसऱ्या कळीवर गेली, ती अजून बोटांत बसायची आहे.