हरवलेला 'स'

"सुमे, ऊठ! साडेचार झाले. सूर्य उगवल्यावर न्हाशील तर सरळ नरकात जाशील!"

1986 सालच्या नरकचतुर्दशीला दादाने नवा टेपरेकॉर्डर गुपचूप लावून ठेवला होता, म्हणून बाबांची ही हाक राहिली. बाबा 1999 साली गेले.

2003 साली मी एम.टेक.ला 'डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग' हा विषय घेतला. नाव भारदस्त; पण काम शितावरून भाताची परीक्षा करण्याचे. फक्त शिते किती घ्यायची याला कायदा आहे. शॅननने 1949 साली तो सिद्ध करून मांडला: आवाजातल्या सर्वांत जलद कंपनांच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घ्या, मूळ आवाज जसाच्या तसा उभा करता येतो. कमी घेतलेत तर जलद कंपन संथ कंपनाचे सोंग घेऊन येते. सिनेमात टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, ती याच फसवणुकीमुळे. ही सोंगे येऊ नयेत म्हणून वरची कंपने आधीच गाळून टाकतात. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. (आईला मी ते दोनदा सांगितले.)

त्याच सुट्टीत कॅसेट संगणकात उतरवली. प्रयोगशाळेत आम्ही टेलिफोनप्रमाणे सेकंदाला 8000 नमुने घेत असू. हाताला तीच सवय. म्हणजे 4000 कंपनांच्या वरचे सारे गेले. 'ऊ', 'म' यांचे त्यावाचून फारसे अडत नाही. ते खालच्या मजल्यावरचे रहिवासी. 'स' मात्र बहुतेक सगळा माळ्यावर राहतो. ऐकताक्षणी चूक कळली. सीडीसारखे 44,100 नमुने घ्यावेत म्हणून कॅसेट पुन्हा लावली, आणि त्या जुनाट यंत्राने फीत गिळली. सोडवता सोडवता तिचे तुकडे झाले.

मी ती फाइल घेऊन सरांकडे गेले. ते हळूच म्हणाले, "जे नमुन्यांत आलंच नाही, ते गणित कुठून आणणार?"

हल्ली संगणक असा गेलेला भाग अंदाजाने भरून देतो. गेल्या वर्षी भाच्याने तसे करून दिले. 'स' अगदी स्वच्छ आला. पण तो बाबांचा नव्हता. कितीतरी परक्या माणसांच्या बोलण्यावरून बेतलेला होता. मी तो ठेवला नाही.

दर दिवाळीला पहाटे मी जुनी हाकच लावते. मला ती पुरी ऐकू येते. बाबांना कधीच न पाहिलेली माझी लेक यंदा उटणे लावून घेता घेता म्हणाली,

"आई, आजोबा तुला फुमी म्हणायचे?"