हातचें आणि पळतें

हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना लहानपणींच मिळते. ती खोटी आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु हातचें कोणतें आणि पळतें कोणतें हें ऐकणारास आधींच ठाऊक आहे, असें ती म्हण धरून चालते. आणि इंग्लंडांत शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांच्या बाबतींत नेमकें हेंच ठरविणें कठीण होऊन बसलें आहे.

प्रसंग साधारणपणें असा असतो. घर गहाण ठेवून कर्ज काढावयाचें आणि मुलानें एम्. एस्सी.साठीं सप्टेंबरांत विलायतेस जावयाचें. तेथील हा अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा. व्याख्यानें संपून प्रबंध लिहावयाचा राहिलेला असतो, तोंच एखादा मालक त्याला पसंत करतो आणि पुढच्या महिन्यापासूनच कामावर ये म्हणतो. विद्यार्थ्याच्या व्हिसावर, पदवीचें शिक्षण घेणारास सत्र चालू असतांना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करतां येत नाहीं. पूर्ण वेळची नोकरी पत्करावयाची तर व्हिसाच बदलावयास हवा. इकडे कर्जावरचें व्याज दररोज वाढत असतें. मग वडिलांस वाटूं लागतें कीं, नोकरी हीच हातची आणि पदवी पळती.

१७ जुलै २०२३ पूर्वीं ही अदलाबदल अभ्यासक्रमाच्या मध्येंच करतां येत असे. शिक्षणाच्या दारानें आंत येऊन नोकरीच्या दालनांत जाऊन बसणें हा विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा दुरुपयोग होय, असें तेथील सरकारनें ठरविलें आणि त्या दिवशीं तें दार लावून घेतलें. फट मात्र ठेविली. ज्याचा अभ्यासक्रम पुरा झाला तो नोकरीच्या व्हिसासाठीं अर्ज करूं शकतो, पीएच्. डी.चा विद्यार्थी २४ महिने भरल्यावर करूं शकतो. आणि पदवीचें किंवा त्यावरचें शिक्षण घेणारा अभ्यासक्रम संपण्यापूर्वींहि करूं शकतो, फक्त नोकरीचा आरंभ अभ्यासक्रमाच्या अखेरच्या तारखेआधींचा असतां कामा नये. अर्ज नोकरी सुरू होण्याच्या तीन महिने आधींपर्यंत करतां येतो. म्हणजे पदवीदानाचा झगा अंगावर चढेपर्यंत मुलास खोळंबावें लागत नाहीं. अभ्यासक्रम संपेपर्यंत मालकानें मात्र खोळंबलें पाहिजे. सारें घोडें येथेंच अडतें.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं दोन वर्षांपूर्वीं हा पेंच पडला. मालक थांबावयास तयार नव्हता. व्हिसाचीं कामें करणाऱ्या एका दलालानें युक्ति सुचविली कीं, मुलानें शिक्षण सोडून परत यावें आणि येथूनच नोकरीच्या व्हिसाचा अर्ज करावा. मनाई तेथल्या तेथें व्हिसा बदलण्यास आहे, बाहेरून येणारास नाहीं. युक्ति कायद्यांत बसणारी होती. स्नेही आमच्याकडे येऊन म्हणाले, "अहो, पदवी काय, पुढेंहि घेतां येईल. पगार दारांत येऊन उभा आहे, त्याला परत कसें लावावयाचें?" त्यांच्या बोलण्यांत लोभ नव्हता. निवृत्तीला तीन वर्षें उरलीं होतीं आणि घराचे कागद बँकेंत होते. अशा माणसापुढें विद्येचें माहात्म्य गाणें म्हणजे उपाशी माणसास एकादशीचें पुण्य सांगणें होय.

म्हणून आम्हीं विद्येची गोष्ट काढलीच नाहीं, दाव्याची काढली. विद्यार्थ्याचा व्हिसा विश्वविद्यालयाच्या खुंट्याला बांधलेला असतो आणि नोकरीचा व्हिसा मालकाच्या. मालक बदलावयाचा तर नवा अर्ज करावा लागतो. नोकरी गेली तर राहण्याची मुदत सामान्यतः ६० दिवसांवर येते, आणि तेवढ्यांत दुसरा मालक मिळाला नाहीं तर गाशा गुंडाळावा लागतो. हा दुसरा मालकहि हवा तो चालत नाहीं. परदेशी माणूस नेमण्याचा सरकारी परवाना त्याजपाशीं असावा लागतो आणि त्यानें ठरीव पगार द्यावा लागतो. २२ जुलै २०२५ रोजीं ही पगाराची सामान्य मर्यादा सालीना ४१,७०० पौंड करण्यांत आली. नवशिक्यास सवलत देऊन ती ३३,४०० पौंड ठेविली.

या दोन खुंट्यांच्या मध्यें एकच मोकळें रान आहे. त्याला तिकडे ग्रॅज्युएट रूट म्हणतात. १ जुलै २०२१ रोजीं तो सुरू झाला. त्यांत कोणा मालकाची हमी लागत नाहीं. नोकरी धरतां येते, सोडतां येते, स्वतःचा व्यवसायहि करतां येतो. मुदत दोन वर्षांची, पीएच्. डी. झालेल्यास तीन वर्षांची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या इतर पदवीधरांसाठीं ती अठरा महिन्यांची ठरविली आहे. हा व्हिसा आयुष्यांत एकदांच मिळतो, आणि ज्यानें अभ्यासक्रम यशस्वी रीतीनें पुरा केला व ज्याचा शेवटचा व्हिसा विद्यार्थ्याचाच होता, त्यालाच मिळतो. जो मध्येंच नोकरीच्या व्हिसावर गेला, त्यानें मागाहून तीच पदवी घेतली तरी हें दार त्याला उघडत नाहीं. हिशेबाची दुसरी बाजूहि स्नेह्यांस सांगणें आम्हांस भाग होतें. नवशिक्याची सवलत चार वर्षांपुरती असते आणि या मोकळ्या व्हिसावरचा काळ त्यांतच मोजला जातो. तरीहि तेवढा काळ मुलगा कोणाचाहि बांधील नसतो, आणि ती मोकळीक विकत घेण्याचें नाणें पदवी हेंच आहे.

नोकरीच्या करारापायीं शिक्षण मध्येंच तुटलें तर तें पुन्हा सांधण्यास काय पडतें, याचें एक थोर उदाहरण आपल्या इतिहासांतच आहे. डॉ. आंबेडकर १९१३ मध्यें बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, तेव्हां शिक्षणानंतर त्या संस्थानची दहा वर्षें नोकरी करण्याचा करार त्यांनीं करून दिला होता. १९१६ मध्यें ते लंडनास शिकूं लागले आणि शिष्यवृत्ति संपल्यामुळें १९१७ मध्यें त्यांस परतावें लागलें. बडोद्यास अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना, तेव्हां ती नोकरीहि सुटली. चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विश्वविद्यालयानें दिली होती, एवढाच आधार. मुंबईस प्राध्यापकी करून पैसे शिल्लक टाकून, उरलेल्यांची उसनवारी करून ते १९२० मध्यें परतले, आणि १९२३ मध्यें डी. एस्सी. झाले. अशा असामान्य पुरुषासहि तुटलेला धागा जोडण्यास एवढे सायास पडले. आणि त्या काळीं परत जाणाऱ्यापुढें आजच्यासारखा व्हिसाचा अडसर नव्हता. पुढें घेतां येईल, हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं याचा विचार करावा.

मुलगा थांबला. ती नोकरी अर्थातच गेली. प्रबंध पुरा करून तो मोकळ्या व्हिसावर, पहिल्यापेक्षां कमी पगारावर कामास लागला, आणि पहिल्या वर्षाचे हप्ते स्नेह्यांनीं आपल्या पगारांतून भरले. त्या वर्षीं त्यांच्या घरीं दिवाळी बेताचीच झाली, हें आम्हांस ठाऊक आहे. पुढें मुलाचें त्या मालकाशीं पटेना, तेव्हां त्यानें नोकरी सोडून दुसरी धरली. मधल्या अडीच महिन्यांत त्याला ६० दिवस बोटांवर मोजावे लागले नाहींत. स्नेह्यांनीं ही हकीकत आम्हांस सांगितली, पण हप्त्यांचा विषय काढल्यावांचून नाहीं. आणि तेंहि रास्तच आहे, कारण ती मोकळीक मुलाची होती आणि किंमत बापानें दिली होती.

म्हणून मुलांस धाडणाऱ्या घरांना आमची सूचना व्यवहाराची आहे. कर्जाचा हिशेब वर्षाचा न मांडतां दीड वर्षाचा मांडावा, आणि तेवढें झेपत नसेल तर एक वर्ष उशिरां धाडावें. प्रबंधाच्या त्या शेवटच्या तीन महिन्यांत मुलगा जें ठरवितो, तें त्याच्या बुद्धीनें ठरावें. घरांतल्या व्याजाच्या आंकड्यानें ठरूं नये.